गोळी १५० ग्रॅमची नसते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा नऊ दिवसांचा हंगाम, नारिंगी जाकिटे, मांस वाटून घेण्याची पद्धत, सगळे नीट उतरले आहे. घरी काडतुसे भरण्याविषयीचा, म्हणजे झाडलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टिकली), दारू आणि गोळी बसवण्याविषयीचा परिच्छेद मात्र घसरला आहे. त्यात गोळीचे वजन '१५० ग्रॅम' छापले आहे. ते १५० ग्रेन हवे. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, म्हणजे ही गोळी पुरती दहा ग्रॅमचीही नाही, ९.७ ग्रॅमची आहे. ही मुद्रणातली चूक समजून सोडून देता येईल. पण 'लष्कराला बंदी असलेल्या डमडम गोळ्या हे शिकारी घरी बनवतात' आणि 'दुकानातल्यापेक्षा जास्त जोराचे काडतूस मिळावे म्हणून हा खटाटोप' ही दोन वाक्ये मूळ विषयच उलटा सांगतात.

आधी डमडमविषयी. कोलकात्याजवळच्या डमडमच्या दारूगोळा कारखान्यात १८९० च्या दशकात इंग्रजांनी टोक उघडे ठेवलेली गोळी काढली आणि १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्याने अंगात शिरताच पसरणाऱ्या गोळ्यांवर युद्धात बंदी आली. ती बंदी युद्धापुरती आहे. शिकारीचा कायदा नेमके उलट सांगतो. कोलोरॅडोत हरणासाठी गोळी पसरणारीच हवी, किमान ७० ग्रेनची, किमान .२४ कॅलिबरची (म्हणजे .२४ इंच व्यासाची), आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा राखणारी. पूर्ण धातूच्या आवरणाची लष्करी गोळी हरणाच्या बरगड्यांतून पेन्सिलीएवढे भोक पाडून निघून जाते. जनावर दोन-दोन मैल पळते आणि कुठेतरी झुडपात रात्रभर तडफडून मरते. पसरणारी गोळी फुप्फुसांत दुप्पट रुंद होते आणि जनावर बहुधा शंभर पावलांत पडते. दयामायेचा हिशेब मांडायचा असेल तर इथे मांडावा.

आता जोराविषयी. गोळी पसरते ती आदळतानाच्या वेगामुळे, आणि तो वेग अंतरागणिक घटत जातो. .३०८ विंचेस्टर या शिकारीच्या काडतुसातून १५० ग्रेनची टोकदार गोळी साधारण सेकंदाला २,८०० फुटांनी निघते. २०० यार्डांवर ती २,४०० च्या आसपास येते, ३०० वर २,२०० आणि ४०० वर २,००० च्या जवळ. पसरणाऱ्या गोळीला वेगाची एक खालची मर्यादा असते, त्याखाली ती उघडत नाही. शिसे आणि तांब्याच्या पातळ आवरणाच्या मऊ गोळ्या बहुतेक १,८०० पर्यंत उघडतात, काही त्याखालीही. निव्वळ तांब्याच्या गोळ्यांना प्रकारानुसार १,८०० ते २,००० लागतात. म्हणजे नळी सोडतानाचा आकडा कितीही देखणा असला तरी हरणाच्या खांद्यापाशी काय उरले तेच बघायचे. नळी २४ इंचांऐवजी १८ इंचांची असेल तर इंचामागे सुमारे २५ फूट वेग जातो. मग वरचे सगळे आकडे १२०-१५० ने खाली घसरतात आणि २,००० लागणाऱ्या तांब्याच्या गोळीचा ४०० यार्डांचा बार कागदावरही टिकत नाही.

दुसऱ्या टोकालाही अडचण आहे. विस्कॉन्सिनच्या दाट जंगलात बहुतेक बार १०० यार्डांच्या आत होतात. तिथे मऊ गोळी २,६००-२,७०० ने खांद्याच्या हाडावर बसली तर तुकडे होऊन वरच्यावर थांबते आणि जखम रुंद पण उथळ होते. हा दोष जुना आहे. १९४६ साली अमेरिकन शिकारी जॉन नॉस्लर यांच्या .३०० एच अँड एच रायफलीच्या गोळ्या ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या मूज या थोराड हरणावर वरच्यावर फुटल्या. त्यातून त्यांनी मधोमध तांब्याची भिंत असलेली पार्टिशन गोळी काढली. पुढचे शिसे फुटून झडते, भिंतीमागचे शिसे जसेच्या तसे आत जाते. आजच्या साऱ्या 'नियंत्रित पसरण' गोळ्या त्याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत. शिसे आवरणाला वितळवून चिकटवलेल्या गोळ्या हे एक उत्तर, आणि १९८९ च्या सुमारास बार्न्स या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने आणलेली आतून पोकळ टोकाची अखंड तांब्याची गोळी हे दुसरे.

घरी काडतूस भरणारा ही दोन टोके जुळवत असतो. गोळी कोणती, ती किती वेगाने निघेल, आणि आपण ज्या अंतरावर बार टाकणार तिथे ती उघडेल की नाही. बहुतेक चांगली भरलेली शिकारी काडतुसे कमाल दाबाच्या जरा खालीच असतात.

काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. भारतात ते कुणी करून पाहू नये. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार काडतुसे तयार करायला परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार बंद आहे. कोकणातल्या शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा बार भरणे वेगळे आणि हे वेगळे. ठासणीत काळी दारू असते, इथे बिनधुराची. .३०८ चा कमाल दाब चौरस इंचाला ६२,००० पौंड धरला आहे.

झाडलेली पितळी पुंगळी आधी तपासायची. तोंडाशी उभी चीर असेल तर सरळ भंगारात. खरी काळजी बुडाची. तळापासून वर सहा-सात मिलिमीटरवर पुंगळीच्या बाहेर उजळ कडे दिसले की आतून पितळ तिथे ताणून पातळ झालेले असू शकते. पेपरक्लिप सरळ करून तिचे टोक काटकोनात वाकवायचे आणि आत घालून भिंतीवरून वर ओढायचे. खाच असेल तर टोक अडखळते. अशी पुंगळी पुढच्या बाराला बुडाजवळ तुटते आणि तप्त वायू थेट नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. हे ताणणे सहसा डाय, म्हणजे पुंगळीला पुन्हा मापात आणणारा पोलादी साचा, जास्त खाली बसवल्याने होते. पुंगळीचा खांदा, म्हणजे ती मानेकडे निमुळती होते तो भाग, गरजेपेक्षा मागे ढकलला जातो, प्रत्येक बाराला पितळ पुढे धावते, आणि चार-पाच भरण्यांत संपते. बोल्ट रायफलीत (हाताने दांडा मागेपुढे करून काडतूस भरायच्या) खांदा एक इंचाचे दोन हजारांश, म्हणजे ०.०५ मिलिमीटर, मागे न्यायचा, त्याहून जास्त नाही. मोजायला कंपॅरेटर (खांद्याची जागा मोजणारे साधन) हवा, अंदाजाने हे जमत नाही.

डायमध्ये घालण्यापूर्वी पुंगळीला वंगण हवेच. कोरडी पुंगळी डायमध्ये अशी अडकते की बुडाला भोक पाडून आटे मारून ओढून काढावी लागते. वंगण जास्त झाले तर खांद्यावर पोचा येतो, कारण तेलाला जायला जागा नसते. बारीक पोचा पुढच्या बाराला सरळ होतो, धारदार घडी पडली असेल तर फेकायची. मग लांबी. .३०८ ची पुंगळी कमाल २.०१५ इंच, म्हणजे ५१.१८ मिलिमीटर. छाटून ती २.००५ वर आणतात. लांब राहिली तर तिचे तोंड चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या घराच्या, पुढच्या कडेत चेपले जाते, गोळी सुटायला जागा उरत नाही आणि दाब एकदम चढतो. हा धोका बाहेरून दिसत नाही, काडतूस रायफलीत व्यवस्थित बसते. छाटल्यावर तोंडाच्या आतबाहेरची कड मोडायची, नाहीतर गोळी बसताना तांब्याचा किस निघतो.

प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा तीन ते पाच हजारांश इंच आत बसलेला हवा. बोट फिरवले की कळते. वर राहिलेला प्रायमर कधी बोल्ट मिटवताना उडतो, आणि बहुतेक वेळा पहिला ठोका नुसता आत सरकण्यात खातो. 'काडतूस फुसके निघाले' म्हणून दुकानदाराच्या नावाने शंख केला जातो, आणि दोष असतो प्रायमरच्या खळग्यात साचलेल्या काजळीचा.

दारूचा आकडा इथे मुद्दाम देत नाही. वर्तमानपत्रात छापलेल्या आकड्यावर काडतूस भरणाऱ्याच्या शेजारी उभे राहू नये. गोळी आणि दारू बनवणाऱ्या कंपन्यांची चालू वर्षाची पुस्तिका उघडायची. तिथे गोळी, पुंगळी, प्रायमर, दारू हे सगळे जुळले तरच तो आकडा आपला. सुरुवात तिथल्या खालच्या आकड्यापासून करायची आणि ०.३ ग्रेनच्या पायरीने वर जायचे. सर्वांत जास्त गफलत होते ती तांब्याच्या गोळीत. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९६. त्यामुळे १५० ग्रेनची तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते. ती पुंगळीत खोल उतरून दारूची जागा खाते आणि नळीच्या खाचांत शिरताना जास्त अडते. शिशाच्या गोळीचा आकडा तिला लावला तर दाब वर जातो. बार्न्स म्हणूनच ही गोळी नळीच्या खाचांपासून सुमारे ०.०५० इंच मागे बसवायला सांगते. शिशाची गोळी खाचांना चिकटवून बसवण्याची सवय असलेल्यांना हे पटत नाही. १५० ग्रेनची सवय असलेल्याने तांब्यात १३० घ्यावी. वेग वाढतो, गोळी उघडते, आणि वजन शेवटपर्यंत जवळजवळ सगळे टिकत असल्याने खोलीही पुरते.

टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा. इलेक्ट्रॉनिक काटा पंख्याच्या झोताने आणि शेजारी ठेवलेल्या मोबाइलनेही भरकटतो. सुरू करून अर्धा तास तापू द्यावा आणि दर दहा-बारा मापांनंतर ठरावीक वजन ठेवून ताळा घ्यावा. सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून गोळी बसवण्यापूर्वी वरून टॉर्च मारून दारूची पातळी सारखी आहे ना ते बघायचे. एक पुंगळी रिकामी राहिली तर प्रायमरच्या एकट्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकते, आणि त्यामागून दुसरा बार टाकला तर नळी फाटते.

दाबाची खूण म्हणून चपटा झालेला प्रायमर, बुडावर उमटलेली उजळ चकती, बोल्ट उचलताना लागणारा जोर या गोष्टी सगळे सांगतात. पण त्या दिसतात तेव्हा मर्यादा ओलांडून झालेली असते. त्यापेक्षा वेगमापक बरा. आपल्याएवढ्याच लांबीच्या नळीसाठी पुस्तिकेत दिलेल्या कमाल वेगाच्या वर आपण गेलो, तर प्रायमर कितीही गोलमटोल दिसो, दाबही वर गेलेला आहे. फुकट वेग मिळत नाही.

आता चाचणी, आणि लेखात नेमका हाच भाग नाही. शिकारीच्या आधी कागदावर तीन गोळ्या मारून 'एक इंचात बसल्या' म्हणणे म्हणजे रायफलीची परीक्षा झाली, गोळीची नव्हे. तीन छिद्रांचा पुंजका नशिबानेही लहान येतो. दहा मारल्या की खरे आकारमान कळते, आणि ते बहुधा दीड-पावणेदोन इंच निघते. त्याने काही बिघडत नाही. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग सुमारे आठ इंच रुंद असतो. २०० यार्डांवर चार इंचांत बसणारी रायफल पुरेशी आहे. अर्ध्या इंचासाठी हंगामभर दारू जाळण्यापेक्षा थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी कुठे जाते ते वेगवेगळ्या दिवशी नोंदवावे. जंगलात मारायची असते ती तीच.

गोळी उघडते का हे बघायचा स्वस्त मार्ग पाण्याचा. एक गॅलनचे, म्हणजे पावणेचार लिटरचे, दुधाचे प्लॅस्टिकचे डबे काठोकाठ भरून, झाकणे लावून, फळीवर एकामागे एक चिकटवून सहा ते आठ ठेवायचे. प्रत्येक साधारण १५ सेंटिमीटर जाडीचा. मागे मातीचा उंच बांध हवाच. पुढे अर्ध्या मीटरवर पुठ्ठा उभा करायचा. त्यावरचे छिद्र गोल असले पाहिजे. लांबट आले तर गोळी आडवी होत चालली आहे, म्हणजे नळीचा पीळ तिला पुरत नाही. १२ इंचांत एक फेरा देणाऱ्या .३०८ च्या नळीत १६८ ग्रेनची शिशाची गोळी मजेत चालते आणि त्याच वजनाची तांब्याची काठावर येते. थंडीत हवा दाट होते, काठावरची गोळी तेव्हा आणखी डगमगते. ऑगस्टच्या उन्हात पास झालेली जोडी नोव्हेंबरच्या उणे दहाला पुन्हा तपासायला हवी. तापमानाला हळवी असलेली दारू असेल तर थंडीत वेगही उतरतो.

डबे दोन अंतरांवर ठेवायचे. एकदा २५-५० यार्डांवर, पूर्ण वेगात, गोळी तुकडे होते का बघायला. आणि एकदा आपण जे सर्वांत लांबचे अंतर ठरवले आहे तिथे, ती उघडते का बघायला. ३०० यार्डांवर डबा फोडता येत नसेल तर ३०० यार्डांवर हरणावरही बार टाकू नये, तेवढाच निकाल त्या दिवशी पुरे. काही जण जवळूनच कमी दारू घालून लांबचा वेग साधतात. हे फक्त कंपनीने कमी भारासाठी स्वतः आकडे दिलेल्या दारूवर करावे, उदाहरणार्थ हॉजडनची एच ४८९५. मंद जळणारी दारू मनाने कमी केली तर दाब बेभरवशाचा होतो. शिवाय कमी वेगात गोळीचा गरगराटही कमी होतो, त्यामुळे हा निकाल थोडा कडक येतो.

सापडलेली गोळी धुऊन, वाळवून तोलायची आणि दोन दिशांनी व्हर्नियर लावायचा. .३०८ ची गोळी मुळात ७.८ मिलिमीटरची. चांगली उघडली तर १४-१५ भरते. तांब्याच्या पाकळ्या चारही मागे वळलेल्या आणि शाबूत असतील तर वजन जवळजवळ पुरे उतरते. मऊ शिशाच्या गोळीने साठ टक्के राखले तरी ठीक. टोक मिटलेले, गोळी जवळपास नवी कोरी सापडली तर वेग कमी पडला. पाणी गोळीला सहज उघडते, मांसापेक्षाही सहज. म्हणून पाण्यात न उघडलेली गोळी हरणात उघडेल ही आशा धरू नये. उलट पाण्यात छान फुललेली जनावरात तशीच फुलेल याची खात्रीही नाही. त्यासाठी जिलेटिन आहे. वजनाने दहा टक्के जिलेटिन, चार अंश सेल्सिअसला थंड केलेले, आणि ताळा म्हणून ४.५ मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला ५९० फुटांनी मारला की साडेआठ सेंटिमीटर, एक इकडेतिकडे, आत जायला हवा. घरी हे बहुतेकांना जमत नाही, कारण ताळा चुकला की पुढचे सगळे मोजमाप वाया.

तांब्याचा एवढा पाठपुरावा का, हेही लेखात यायला हवे होते. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान दिलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण आढळले. त्याच वर्षी मिनेसोटाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाने मेंढ्यांच्या धडांवर गोळ्या मारून एक्स-रे काढले, तेव्हा जखमेपासून फूट-दीड फूट लांबही कण दिसले. नेहमीसारखे जखमेभोवतालचे मांस कापून टाकून हे निघत नाही. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर गिधाडे मागे टाकलेल्या आतड्यांतले शिसे खाऊन मरत होती. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत. घरी खिमा करणाऱ्याला हा प्रश्न फार जवळचा आहे, कारण यंत्रात एक कण गेला की तो सगळ्या खिम्यात पसरतो.

शेवटी नोंदीविषयी, कारण अपघातांचे मूळ तिथे सापडते. प्रत्येक डब्यावर गोळीचे नाव आणि वजन, दारूचे नाव, लॉट क्रमांक आणि माप, प्रायमर, पुंगळीचा शिक्का आणि कितवी भरणी, काडतुसाची एकूण लांबी, तारीख आणि कोणत्या रायफलीसाठी, एवढे लिहायचे. दारूचा लॉट बदलला की आधीच्या मापावरून दोन-तीन पायऱ्या खाली येऊन पुन्हा वर चढायचे. लेबल नसलेला डबा सापडला तर त्यातली काडतुसे झाडायची नाहीत. हातोडीसारख्या पुलरमध्ये घालून एकेक ठोकून उघडायची, गोळी आणि पुंगळी ठेवायची, आणि दारू कितीही ओळखीची वाटली तरी डब्यात परत न ओतता उघड्यावर मोकळ्या जागी थोडी-थोडी पसरून जाळून टाकायची.

आपला,
एक वाचक, मॅडिसन, विस्कॉन्सिन